गड राहिला, पेठेचं काय? जुन्या वस्त्या वाचवणारे नियम

जालन्याचा किल्ला इसवी सन १७२५ मध्ये उभा राहिला. त्याच्या आदल्याच वर्षी साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारिझखानाला हरवून निजामुल्मुल्क असफजाह दख्खनचा धनी झाला होता. त्याच्या हुकमावरून काबिलखानानं गावाच्या पूर्वेला किल्ला आणि बालेकिल्ला बांधून घेतला. चौकोनी आखणी, कोपऱ्यांवर अर्धगोल बुरूज, बांधणीचं साल सांगणारा फारसी शिलालेख आणि आत सज्जे व दालनं असलेली मोठी विहीर, असं त्याचं वर्णन गॅझेटियरात आहे. यातल्या बालेकिल्ल्याला लोक मस्तगड म्हणू लागले. १८०३ साली असईच्या लढाईच्या काही आठवडे आधी कर्नल स्टीव्हन्सननं हा किल्ला घेतला. पुढे लढायांचा काळ सरला आणि बालेकिल्ल्यात नगरपालिकेची कचेरी आली. तोफा गेल्या आणि घरपट्टीच्या पावत्या आल्या. एका अर्थी हे बरंच झालं, कारण ज्या वास्तूत रोज माणसांची ये-जा असते तिच्याकडे कुणाचं ना कुणाचं लक्ष राहतं.

पण गडाभोवतीच्या गावाचं काय? गडाला निदान नाव आहे, शिलालेख आहे, गॅझेटियरात जागा आहे. त्याच्या आसपासच्या गल्ल्या, वेशी, वाडे, मशिदी, देवळं, आड आणि बाजार यांना मात्र कागदोपत्री एकच ओळख असते: ‘दाट वस्ती’. असा जुना भाग जपायचा तर नगररचनेचे नियम कसे लागतात, ते महाराष्ट्रात कुठवर आले आहेत आणि जालन्यासारख्या गावाला त्यांचा काय उपयोग, हे समजून घ्यायला हवं. हा विषय फक्त इतिहासप्रेमींचा नाही. जुन्या पेठेत ज्याचं घर आहे, दुकान आहे, वडिलोपार्जित हिस्सा आहे, त्या प्रत्येकाच्या खिशाशी त्याचा संबंध येतो.

एकेक वास्तू नव्हे, सगळी वीण

जालन्याचा वारसा किल्ल्याच्याही आधीचा आहे. जमशेदखानानं १५७८ मध्ये काळ्या दगडाची काली मशीद बांधली. तिच्याबरोबर हमामखाना आणि सराई बांधली. गावाच्या पश्चिमेला त्यानंच मोती तलाव केला आणि तिथून जमिनीखालच्या नळांनी पाणी गावातल्या हौदांपर्यंत आणलं. सर्वांत मोठा हौद सराईच्या चौकात होता. अकबराच्या काळात अबुल फजलचा मुक्काम काही काळ या गावात होता. ‘जालना, सोन्याचा पाळणा’ ही म्हण इथल्या बाजारपेठेच्या भरभराटीतून आली. कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला कादराबाद आणि पुढे सदर बाजार, असं गाव वाढत गेलं. त्याला तट होता आणि वेशी होत्या. त्यांतल्या मूर्तीवेस आणि हैदराबाद वेस यांची नावं आजही लोकांच्या तोंडी आहेत.

आता मोती तलावाची ती पाणीव्यवस्था नीट पाहा. तलाव गावाबाहेर, नळ जमिनीखाली, हौद सराईत, हमामखाना मशिदीजवळ. यातलं नेमकं काय जपायचं? फक्त मशीद जपली आणि नळांवर काँक्रीटचे खांब उभे राहिले, तर व्यवस्था संपली. हौद जपला आणि त्याच्याभोवती सहा मजली इमारती उभ्या राहिल्या, तर हौद तिथे का होता हेच कळेनासं होईल. जुनी वस्ती अशा संबंधांनी बनते. दगडी जोतं, त्यावरचा ओटा, ओट्यासमोरची गल्ली, गल्लीच्या टोकाची वेस, वेशीबाहेरचा बाजार, बाजारातून जाणारी पालखी: यातली एक कडी काढली की बाकीच्या सैल होतात. धुळवडीला निघणारा हत्ती रिसाला किंवा आषाढी एकादशीची आनंदी स्वामींची पालखी ज्या रस्त्यांवरून जाते, ते रस्ते त्या परंपरांचाच भाग आहेत. मिरवणूक कधी पसरते, कधी आवळते, कुठल्या ओट्यावर थांबते, हे सगळं त्या रस्त्यांच्या घडणीवर ठरतं.

म्हणूनच अशा ठिकाणी नियमाचं माप एक इमारत असून चालत नाही. ते मोहल्ला, पेठ किंवा गल्ली हे असावं लागतं. नगररचनेत यासाठी ‘वारसा परिसर’ ही संज्ञा आहे. परिसरातली प्रत्येक इमारत थोर असण्याची गरज नसते. एकत्र मिळून त्या जे रूप घडवतात, ते जपण्यासारखं असतं.

स्मारकाचा कायदा आणि त्याची मर्यादा

आपल्याकडे वारसा जपायचा म्हटलं की आधी पुरातत्त्व खातं आठवतं. केंद्राचा प्राचीन स्मारकं व पुरातत्त्वीय स्थळांचा कायदा १९५८ चा आहे आणि महाराष्ट्राचा तसाच कायदा १९६० चा. केंद्रीय कायद्यात २०१० साली मोठी दुरुस्ती झाली. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचं क्षेत्र ‘प्रतिबंधित’ ठरलं आणि तिथे नव्या बांधकामाला बंदी आली. त्यापुढचं २०० मीटरचं क्षेत्र ‘विनियमित’ झालं. तिथे राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीवरून मिळणाऱ्या परवानगीनंच बांधता येतं.

एखादं लेणं माळरानावर असेल तर हा नियम चोख काम करतो. पण स्मारक भर गावात असेल तर? पुण्यातला शनिवारवाडा याचं उत्तर देतो. त्याच्याभोवतीच्या १०० मीटरमध्ये शनिवार पेठ आणि कसबा पेठेतली कितीतरी जुनी घरं येतात. दुरुस्तीची परवानगी मागता येते, पण मोडकळीला आलेला वाडा पाडून नवा बांधायचा तर मार्ग बंद. घरं वर्षानुवर्षं तशीच झिजत राहतात आणि रहिवासी हवालदिल होतात. इथे कायद्याचा हेतू वाईट नाही. तो मुळात वेगळ्या कामासाठी केलेला आहे. स्मारक जपताना लोकांना अंतरावर ठेवावं लागतं, तर वस्ती जपायची म्हणजे लोकांना तिथेच, सुखानं, राहू द्यावं लागतं. माणसं गेली की वस्ती उरत नाही. रिकाम्या भिंती तेवढ्या उरतात. या दोन कामांना एकच हत्यार पुरत नाही.

दुसरी मर्यादा यादीची. पुरातत्त्व खात्याच्या यादीत मोजकीच स्मारकं येतात. गावोगावच्या शेकडो वाड्यांना, वेशींना आणि बारवांना तिथे जागा मिळणं शक्य नाही. त्यांची काळजी घ्यायची ती स्थानिक संस्थेनं, म्हणजे नगरपालिका किंवा महापालिकेनं, नगररचनेच्या कायद्यातून.

परिसराचा विचार जगात कसा रुजला

हा विचार जगातही फार जुना नाही. अमेरिकेत चार्ल्स्टन शहरानं १९३१ साली पहिल्यांदा जुन्या वस्तीसाठी वेगळं क्षेत्र आखून बांधकामांवर देखरेख करणारं मंडळ नेमलं. फ्रान्समध्ये सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांच्या पुढाकारानं १९६२ चा कायदा झाला आणि पॅरिसचा मारे भाग पाडापाडीतून वाचला. ब्रिटननं १९६७ च्या कायद्यानं ‘संवर्धन क्षेत्र’ ही कल्पना आणली. न्यूयॉर्कमध्ये १९६३ साली पेन स्टेशनची भव्य इमारत पाडायला सुरुवात झाली, लोक हळहळले आणि १९६५ मध्ये वारसा वास्तूंचा कायदा आला. न्यूयॉर्कचं पाऊल आपल्यासाठी महत्त्वाचं आहे. जुनी इमारत जपावी लागल्यामुळे मालकाचे जे बांधकामाचे हक्क वापरता येत नाहीत, ते दुसऱ्या जागेवर नेऊ द्यायचे, ही कल्पना तिथे रुजली. ‘टीडीआर’ म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क हा शब्द आज महाराष्ट्रात बिल्डरांच्या तोंडी सर्रास असतो. त्याचं एक मूळ वारसा जपण्यात आहे.

मारेचा अनुभव सावधही करतो. तिथली घरं डागडुजी होऊन देखणी झाली, पण भाडी इतकी चढली की जुने कारागीर आणि गरीब भाडेकरू हळूहळू बाहेर पडले. भिंती वाचवणारा नियम माणसांना वाचवेलच असं नाही. ते आधीच ठरवून नियमात लिहावं लागतं.

मुंबईचा नियम ६७

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा आहे. प्रत्येक नगरपालिकेची विकास योजना, म्हणजे लोक ज्याला ‘डीपी’ म्हणतात ती, याच कायद्याखाली होते. योजनेत काय काय असावं हे कलम २२ सांगतं. रस्ते, बागा, शाळा यांच्या बरोबरीनं ऐतिहासिक व वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या जागा, वारसा इमारती आणि वारसा परिसर यांचं जतनही त्यात आहे. जुनी वस्ती जपणं हा उपकार किंवा हौस नसून डीपीचंच एक काम आहे.

१९९५ साली मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ६७ आला. सहाशेहून अधिक इमारती आणि परिसरांची यादी झाली आणि मुंबई वारसा संवर्धन समिती स्थापन झाली. देशात शहराच्या पातळीवर असा नियम पहिल्यांदाच होत होता आणि पुढे अनेक शहरांनी त्यावरून धडे घेतले.

या नियमाचा गाभा म्हणजे प्रतवारी. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय किंवा मोठ्या ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू येतात. तिथे बळकटीसाठी लागेल तेवढीच ढवळाढवळ चालते. दुसऱ्या श्रेणीचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग आहेत. ‘अ’ मध्ये बाहेरचं रूप जपून आत बदल करता येतात आणि नवा वापर सुरू करता येतो. ‘ब’ मध्ये त्याशिवाय, मूळ इमारतीशी मेळ राखून, त्याच आवारात वाढीव बांधकामही होऊ शकतं. तिसरी श्रेणी आहे रस्त्याला आणि मोहल्ल्याला रूप देणाऱ्या साध्या इमारतींची. तिथे बदलांना बरीच मुभा आहे, फक्त ते परिसराशी विसंगत दिसायला नकोत.

प्रतवारीचा फायदा असा की सगळ्यांना एकाच मापानं मोजलं जात नाही. किल्ल्याच्या बुरुजाला जो नियम, तोच गल्लीतल्या दोन खणांच्या घराला लावणं अन्यायाचं आहे. ‘यादीत नाव आलं की घर सरकारजमा’ हा समजही चुकीचा आहे. मालकी मालकाचीच राहते. घर विकता येतं, भाड्यानं देता येतं, वारसांना वाटून देता येतं. फक्त पाडण्याआधी किंवा बाहेरून मोठा बदल करण्याआधी परवानगी लागते.

मुंबईच्या नियमाला पुढे भगदाडही पडलं. १९९९ च्या दुरुस्तीनं तिसऱ्या श्रेणीतल्या आणि परिसरांतल्या उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) जुन्या इमारतींना पुनर्विकासासाठी समितीच्या परवानगीतून सूट मिळाली. भाडेकरूंना पक्कं घर मिळावं हा हेतू योग्य होता. पण ज्या साध्या इमारतींमुळे परिसर ‘परिसर’ होतो, नेमक्या त्याच सुटल्या. राहणाऱ्यांची गरज आणि परिसराचं रूप यांचा विचार सुरुवातीलाच एकत्र केला नाही, तर पुढे एकाचा बळी देऊन दुसऱ्याला वाट करून दिली जाते.

जुन्या वस्तीला सगळ्यात मोठा धोका: रेघ

जुने भाग बिल्डरमुळे नष्ट होतात असं आपल्याला वाटतं. बहुतेक गावांत त्याआधीच एक रेघ आलेली असते. डीपीच्या नकाशात जुन्या गल्लीच्या दोन्ही बाजूंनी रुंदीकरणाची रेघ मारली जाते. महापालिका कायद्याच्या कलम २१० नुसार आयुक्तांनाही रस्त्याची ‘नियमित रेषा’ ठरवता येते. ही रेघ घरावर काय करते ते एका उदाहरणानं पाहू.

समजा, गल्ली साडेचार मीटर रुंद आहे आणि नकाशात ती नऊ मीटरची दाखवली आहे. म्हणजे प्रत्येक बाजूनं सव्वादोन मीटर, जवळपास साडेसात फूट, जागा जाणार. मराठवाड्यातल्या जुन्या वाड्याच्या पुढच्या साडेसात फुटांत काय असतं? दगडी जोतं, त्यावरचा ओटा, कोरीव चौकटीचा दरवाजा, आतली देवडी आणि दर्शनी भिंतीतल्या देवळ्या. घराची ओळख म्हणावी असं सगळं तिथेच. बरं, ते गेलं तरी मागचं घर शाबूत राहतं असंही नाही. या वाड्यांचं छत म्हणजे माळवद. सागवानी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी त्याची रचना. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घर गार ठेवणारं हे छत वजनानं भारी असतं. तुळयांचं एक टोक दर्शनी भिंतीवर टेकलेलं असेल आणि ती भिंतच काढली, तर भार कुठे जाणार? शिवाय जुनी भिंत बाहेरून चिरेबंदी किंवा पक्क्या विटांची, पण आत मातीची भरण असते. कापलेला भाग उघडा पडला की पाऊस थेट त्या भरणीत मुरतो. अशा घराला फार पावसाळे सोसत नाहीत. मग त्याच महापालिका कायद्याच्या कलम २६४ खाली धोकादायक इमारतीची नोटीस येते, घर उतरवलं जातं आणि त्या जागी काँक्रीटचा गाळा उभा राहतो. रेघ पुढच्या साडेसात फुटांवर मारलेली असते, पण शेवटी सगळं घर जातं.

चटई क्षेत्राचे नियमही याच दिशेनं ढकलतात. रस्ता जितका रुंद तितकं जास्त बांधकाम, असं आपल्या नियमावलीचं साधारण सूत्र आहे. त्यामुळे अरुंद गल्ली टिकवणं मालकाला तोट्याचं वाटतं आणि ती रुंद होणं फायद्याचं. नियमच मोडण्याचं बक्षीस देत असेल, तर जपण्याचा उपदेश कुणाला पटावा?

यावर उपाय आहे आणि तो सरकारी कागदावरही आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदर्श बांधकाम उपविधींत वारसा जतनाचं वेगळं प्रकरण आहे. रस्ता रुंदीच्या रेषा आखताना वारसा इमारती आणि परिसर यांना बाधा येऊ नये, ही अपेक्षा त्यात मांडली आहे. म्हणजे गल्ली जपून वाहतूक वळवता येते. वस्तीच्या कडेनं रुंद रस्ता, आत एकेरी वाहतूक, अवजड गाड्यांना ठरावीक वेळ, गाड्या उभ्या करायला बाहेर जागा, असे पर्याय असतात. अग्निशामक गाडी आत जाणार नाही, ही शंका रास्त आहे. तिला उत्तर म्हणून लहान आकाराचे बंब आणि गल्लीत ठरावीक अंतरावर पाण्याच्या जोडण्या, ही तरतूद नियमातच करावी लागते. सुरक्षेला बगल देऊन कुठलंही जतन टिकत नाही.

शेजारच्या छत्रपती संभाजीनगरात याचं दुसरं रूप दिसतं. पैठण गेटसारखा दरवाजा वाचला आहे, पण त्याच्या दोन्ही बाजूंचा तट गेला आणि वाहतूक त्याला वळसा घालून जाते. दरवाजा उभा आहे. मात्र तो कशाचा दरवाजा हे आता सांगावं लागतं. मूर्तीवेशीचा विचार करताना हे ध्यानात ठेवायला हवं. वेस जपायची म्हणजे तिच्या कमानीबरोबर तिला लागून असलेली घरं आणि तिच्यातून जाणारी वाटही जपायची.

जपणाऱ्याला काय मिळणार?

वाडा सांभाळणं सोपं नाही. सातबारा किंवा पीआर कार्डावर दहा-बारा वारसांची नावं, त्यातले निम्मे पुण्या-मुंबईला, काही भाडेकरू नाममात्र भाड्यावर, माळवद दरवर्षी गळणारं आणि चुन्याचं काम जाणणारा गवंडी सहज न मिळणारा. मुंबई बेटावर जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी स्वतंत्र दुरुस्ती मंडळ आहे. बाकी महाराष्ट्रात तसं काही नाही. अशा मालकाला नुसतं ‘पाडू नका’ सांगणं म्हणजे सगळ्या गावाच्या वारशाचा खर्च एका घरावर टाकणं होय.

टीडीआर हा एक मार्ग. पण त्याची किंमत बाजारावर ठरते. मुंबईत जमिनीचे भाव आभाळाला भिडलेले असतात, त्यामुळे हक्क विकत घेणारे असतात. मध्यम शहरात मागणी कमी असली की कागदाला भाव येत नाही. म्हणून जालन्यासारख्या गावात त्याच्या जोडीला आणखी गोष्टी हव्यात. यादीतल्या घराला मालमत्ता करात सवलत द्यावी. महापालिकेच्या अंदाजपत्रकात दुरुस्तीच्या अनुदानासाठी छोटासा का होईना, पण दरवर्षीचा निधी ठेवावा. निवासी वाड्यात खाणावळ, वाचनालय, मुक्कामाची सोय, कारागिरांची दुकानं अशा वापराला झटपट परवानगी द्यावी. सर्वांत महत्त्वाचं, माळवद किंवा ओट्याची दुरुस्ती असल्या किरकोळ कामांसाठी ठरलेल्या मुदतीत निर्णय व्हावा. परवानगीला वर्ष लागत असेल तर माणूस रात्रीतून काम उरकतो, आणि ते बहुधा सिमेंटनं उरकतो.

सिमेंटचा इथे वेगळा उल्लेख हवा. जुन्या मातीच्या आणि चुन्याच्या भिंती ओल शोषतात आणि बाहेर सोडतात. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, पापुद्रे सुटतात, लाकडाची टोकं कुजतात. घर ‘पक्कं’ केल्याच्या समाधानात ते आतून पोखरत जातं. म्हणून नियमाबरोबर तांत्रिक सल्ला आलाच पाहिजे. महापालिकेत जुन्या बांधकामाची जाण असलेला एक अभियंता आणि प्रशिक्षित गवंड्यांची यादी, एवढ्यानंही पुष्कळ फरक पडेल.

धोकादायक इमारतींबाबतही हाच विवेक हवा. तपासणीत इमारतींचे वर्ग पाडतात: तातडीनं रिकामी करून पाडण्याजोगी, रिकामी करून दुरुस्त करण्याजोगी, लोक राहत असताना दुरुस्त करता येण्याजोगी आणि किरकोळ डागडुजीची. यादीतल्या घराची ही तपासणी लाकूड, माती आणि चुना ओळखणाऱ्या माणसाकडून व्हावी. काँक्रीटच्या मोजपट्टीनं मापलं तर प्रत्येक माळवद धोकादायकच ठरेल. मात्र जे घर खरोखर पडायला आलं आहे, तिथे माणसाचा जीव आधी. त्याची नोंद, मापं आणि छायाचित्रं घेऊन ते उतरवावं आणि मालकाला जुन्या जोत्यावर, जुन्या उंचीला धरून, नवं बांधू द्यावं.

मस्तगडासाठी नियम लिहायचा झाला तर

आता हे सगळं मस्तगडाला लावून पाहू. पहिलं काम हद्द आखण्याचं. बालेकिल्ला, किल्ल्याच्या तटाचे अवशेष, विहीर आणि त्यांना लागून असलेली जुनी वस्ती एका परिसरात धरावी. काली मशीद, सराई आणि हौद यांचा दुसरा परिसर करावा, मोती तलावाकडून येणाऱ्या नळांचा माग काढून. वेशी आणि त्यांच्या गल्ल्या तिसऱ्या परिसरात घ्याव्यात. कादराबाद आणि सदर बाजारातल्या जुन्या पेढ्या आणि वाड्यांची स्वतंत्र पाहणी व्हावी.

दुसरं, उंची. बुरूज जिथून दिसतो त्या जागा ठरवाव्यात आणि तिथून तो झाकला जाणार नाही इतपत मजल्यांची मर्यादा त्याच पट्ट्यात घालावी, सगळ्या गावाला नव्हे. तिसरं, दर्शनी भाग. नव्या घरालाही जोतं आणि ओटा ठेवता यावा, रस्त्याच्या रेषेशी घर जुळतं असावं. दारासमोर मोकळी जागा सोडायला लावून गल्लीची सलग भिंत मोडू नये. चौथं, फलक आणि तारा. दुकानांच्या पाट्यांना माप असावं, बुरुजावर किंवा कमानीवर खिळे ठोकून काही टांगू नये, विजेच्या आणि केबलच्या तारा हळूहळू जमिनीखाली न्याव्यात. पाचवं, पाणी. विहिरी, आड आणि हौद यांच्याभोवती खोदकामाला परवानगी सक्तीची असावी, कारण जमिनीखालचा वारसा जेसीबीच्या एका फावड्यात जातो.

सहावं, आणि माझ्या मते पहिल्याइतकंच मोलाचं: मस्तगडाच्या परिसरात राहणाऱ्या भाडेकरूंना, फेरीवाल्यांना, छोट्या दुकानदारांना सुशोभीकरणाच्या नावाखाली हलवलं जाणार नाही, हे नियमात शब्दांत लिहिलेलं असावं. गडाच्या तीनशे वर्षांत या वस्तीत अनेक जातीधर्मांची माणसं राहिली. तिचा वारसा त्या सगळ्यांचा आहे. समितीवरही वास्तुविशारद आणि इतिहास अभ्यासक यांच्याबरोबर वस्तीतली माणसं बसली पाहिजेत.

वाट आहे, वापरली पाहिजे

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही वगळलेली क्षेत्रं सोडून राज्यभर एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे आणि वारसा जतनाची तरतूद तिच्यात आहे. पण यादीविना ती तरतूद पांगळी. यादी स्थानिक संस्थेनं करायची, हरकती ऐकायच्या आणि शासनाकडे पाठवायची. पुणे, नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर या शहरांनी वारसा समित्या नेमल्या. जालना २०२३ मध्ये राज्यातली २९ वी महापालिका झाली. महापालिका म्हणून पहिल्या काही वर्षांत जे नियम बसतात, तेच पुढे अनेक वर्षं गावाला वळण लावतात. म्हणून हीच वेळ आहे.

यादी आणण्याचे दोन रस्ते आहेत. एक, नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली सध्याच्या विकास योजनेत फेरबदल. त्यासाठी महापालिका सूचना प्रसिद्ध करते, लोकांना हरकतींसाठी महिनाभराचा अवधी देते आणि प्रस्ताव शासनाला पाठवते. दुसरा, विकास योजना नव्यानं होताना. वीस वर्षांतून एकदा तरी ती सुधारावी लागते. आधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा होतो, मग प्रारूप योजना प्रसिद्ध होते आणि ३० दिवसांत हरकती-सूचना मागवतात. बहुतेक लोक त्या तीस दिवसांत आपल्या घरावर आरक्षण आलं का एवढंच पाहतात. आपल्या गल्लीवर रेघ आली का, आपली वेस नकाशात आहे का, आपला आड दाखवला आहे का, हेही पाहायला हवं. हरकत साध्या कागदावर, मराठीत, कुणालाही देता येते आणि सुनावणीत बोलण्याचा हक्क असतो.

ते तीस दिवस येण्याआधीची तयारी मात्र गावानं करायची आहे. महाविद्यालयांतल्या स्थापत्य आणि इतिहास विषयाच्या विद्यार्थ्यांनी गल्लीगल्लीत फिरून प्रत्येक जुन्या घराची एक पानभर नोंद केली, तर यादीचा कच्चा खर्डा तयार होईल: घर कधीचं, बांधणी कशाची, कोण राहतं, काय मोडलं आहे, मालकाला काय हवं आहे. यातला शेवटचा प्रश्न विसरला तर यादी म्हणजे मालकांवरचं आरोपपत्र ठरेल आणि पहिल्याच सुनावणीत ती फेटाळली जाईल. तो प्रश्न आधी विचारला, तर तेच मालक यादीच्या बाजूनं उभे राहतील.

काबिलखानाच्या बांधकामाला तीनशे वर्षं झाली. एवढ्या काळात सत्ता बदलल्या, लष्कर आलं आणि गेलं, रेल्वे आली, बियाणं आणि पोलाद यांनी जालन्याचं नाव देशभर नेलं. वाढणाऱ्या गावाला रस्ते हवेत, घरं हवीत, दुकानं हवीत. त्याला कुणाचा विरोध असू नये. पण नव्या वसाहतींसाठी चारी दिशा मोकळ्या आहेत, आणि मस्तगडाची वस्ती मात्र एकदा गेली की पुन्हा बांधता येणार नाही. तिची हद्द आखणं, यादी करणं, रुंदीकरणाच्या रेषा तपासून घेणं आणि घर जपणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडेल अशी सोय करणं, ही चार कामं जालन्याच्या महापालिकेला आजच्या कायद्यात करता येतात. ती तिनं करावीत, आणि ती करेपर्यंत जालनेकरांनी मागणी सोडू नये.